‘एक स्थानिक पत्रकार’

त्या इंग्रजी लेखात मी एकदाच येते, ‘एका स्थानिक पत्रकाराच्या म्हणण्यानुसार’ अशी. नाव नाही, पेपरचंही नाव नाही. लेख हिंगोली-नांदेडच्या भूकंपांवर आणि जमिनीतून येणाऱ्या आवाजांवर आहे, चांगला लांबलचक, फोटोंसकट. त्यात बोलणारी बहुतेक माणसं मी गाठून दिलेली आहेत. लेखाखाली ज्या फेलोशिपचे आभार मानलेत, तिच्यासाठी मीही अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. याला बराच काळ लोटला, पण माझा राग गेलेला नाही.

मी नांदेडहून एका मराठी दैनिकासाठी बातमीदारी करते. शेती, आरोग्य, हवामान, विद्यापीठ, सगळं माझ्याकडे. ‘विज्ञान’ नावाचं बीट जिल्हा आवृत्तीत नसतंच. वसमत, औंढा, कळमनुरी भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. पांगरा शिंदे गावाचं नाव तर त्यासाठीच बातम्यांत येत असतं. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर ४.५ क्षमतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा दुसरा. नांदेडातही घरं हादरली. मग १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५.

मार्चच्या त्या दिवशी दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागला की आज रात्री याहून मोठा धक्का बसणार, अंगणात झोपा. मराठवाड्यात असा मेसेज कोणी हसण्यावारी नेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी, गणपती विसर्जनाची रात्र, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, एवढं मला माहीत होतं. पण ते पेपरात कोणाच्या तोंडी घालायचं? दिल्लीचे फोन उचलले जाईनात. पुण्यातल्या एका संस्थेतून सांगितलं, ईमेल करा. अखेर भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी संध्याकाळी अर्धा तास दिला. क्षमतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे किल्लारीचा ६.२ चा भूकंप आपल्या ४.५ च्या धक्क्याच्या जवळपास साडेतीनशे पट, हे त्यांनी मला कागदावर करून दाखवलं. ती चौकट दुसऱ्या दिवशी छापून आली. जिल्हा प्रशासनाने पत्र्यांवरचे दगड काढून ठेवायला सांगितलं होतं, तेही मी ठळक छापायला लावलं. आमच्याकडे वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवतात. धक्का मध्यम असला तरी पत्रा सरकून दगड खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यात पडू शकतो. त्या बातमीत वाचकाच्या सगळ्यात जास्त उपयोगाची ओळ तीच होती, असं माझं आजही मत आहे.

हे सगळं रीतसर शिकायला हवं, असं वाटून मी त्या फेलोशिपचा अर्ज भरायला घेतला. विज्ञान पत्रकारांसाठी प्रशिक्षण, एक मार्गदर्शक संपादक, प्रवासखर्च. अट अशी की प्रकाशित झालेले तीन लेख जोडा; लेख इंग्रजीत नसतील तर प्रमाणित अनुवाद जोडा. मी चौकशी केली. एका लेखाच्या प्रमाणित अनुवादाला जेवढे पैसे सांगितले, तेवढे तो लेख लिहिल्याबद्दल मला मिळाले नव्हते. तीन लेखांचा हिशेब करण्यात अर्थच नव्हता. म्हणून मीच रात्री बसून अनुवाद केले, मूळ कात्रणं स्कॅन करून जोडली आणि अनुवाद माझा आहे, असं स्पष्ट लिहिलं. संपादकांचं शिफारसपत्रही हवं होतं. ते ब्युरोतून मुख्य कार्यालयात आणि तिथून परत, असं फिरून शेवटच्या दिवशी हाती आलं. उत्तर दोन ओळींचं आलं: लेखनाचे नमुने अटींप्रमाणे नसल्याने अर्जाचा विचार करता आला नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. म्हणजे लेख वाचून नाकारले असते तर गोष्ट वेगळी होती. ते कोणी वाचलेच नव्हते.

जुलैच्या धक्क्यानंतर एका महानगरातल्या इंग्रजी प्रकाशनाच्या पत्रकाराचा फोन आला. नंबर त्याला कोणाकडून तरी मिळाला होता. फेलोशिप मिळालीय, हिंगोलीला यायचंय, मदत कराल का? कुठली फेलोशिप हे त्याने सांगितलं आणि मी क्षणभर गप्प झाले. पण नाही म्हणाले नाही. आपल्या भागाबद्दल कोणी नीट लिहिणार असेल तर दार लावून घेणं मला जमत नाही.

तो आला. मी त्याला गावांतून फिरवलं. सरपंच, आशाताई, शाळेचे गुरुजी, सगळे माझ्या ओळखीचे. ‘ताईंसोबत आलेत’ म्हटल्यावर चहा आला, खाट टाकली गेली. एका म्हातारबाईने त्याला सांगितलं, ‘‘रातीला भुईतून ट्रक गेल्यावानी होतंय, मंग भांडी वाजतेत.’’ ते मी त्याला हिंदीत सांगितलं. दिवसभर हेच चाललं. माणसं बोलत होती, मी सांगत होते, तो लिहून घेत होता. प्राध्यापकांची वेळही मीच मागून घेतली. लेख आला तेव्हा त्यात ती म्हातारबाई नावासकट होती, गुरुजी होते, प्राध्यापक होते. मी ‘एक स्थानिक पत्रकार’ होते, आणि तेही कशासाठी, तर गावात अफवा कशा पसरतात हे सांगण्यापुरती. मी त्याला मेसेज केला. त्याने माफी मागितली. शब्दमर्यादेत संपादकांनी नाव काढलं, म्हणाला. असेल तसं. मग सरपंचांचं नाव बरं मावलं शब्दमर्यादेत! जिल्ह्यातल्या बातमीदाराला आपण वाटाड्या समजतो की सहलेखक, हा प्रश्न त्या फेलोशिपच्या अर्जात कुठेही नव्हता. तो असायला हवा. स्थानिक पत्रकाराची मदत घेतली तर नाव आणि मानधन द्यावं लागेल, अशी अट घालायला कोणाचं काय जातं?

आणि तरीही, लेख चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे.

प्राध्यापकांसमोर त्याने राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदी उघडल्या आणि विचारलं, ‘‘मार्चच्या धक्क्याची खोली १० किलोमीटर, जुलैचीही १०. इतके सारखे आकडे कसे?’’ मी त्या नोंदी सतत बघत होते, तो आकडा बातमीत छापतही होते. हा प्रश्न विचारायचा असतो, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. प्राध्यापक खुलले. म्हणाले, खोली पक्की काढायची तर भूकंपमापक भूकंपाच्या केंद्रबिंदूच्या अगदी जवळ लागतो. मापक दूर असले की खोलीचा आकडा डळमळतो, आणि अशा वेळी गणित सुटावं म्हणून ती एका ठरावीक आकड्यावर धरून ठेवायची पद्धत जगभर आहे. १० किलोमीटर हा त्यांतला नेहमीचा आकडा. म्हणजे नोंदीतला १० हा मोजलेला असेलच असं नाही. लहान भूकंप फार उथळ असला की त्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून आवाज समजून घ्यायचे तर खोली नेमकी कळायला हवी, आणि त्यासाठी इथे जवळजवळ मापक बसायला हवेत. एका प्रश्नाने ‘गूढ आवाजां’ची बातमी ‘इथे मापक किती आहेत’ या बातमीकडे वळली. पालघरमध्ये डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून अशीच धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा मापकांचीच चर्चा झाली होती, हेही त्याला माहीत होतं. हे त्याला त्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं: आकड्यासमोर थांब, तो कसा आला ते विचार. त्या एका दुपारी मी जे शिकले ते फुकट मिळालं, हे कबूल करायला हवं. त्यामुळे फेलोशिप वाईट आहे असं मी म्हणू शकत नाही. उलट ती इतकी चांगली आहे म्हणूनच मला ती हवी होती, आणि अजून हवी आहे.

साधनं नाहीत अशातला भाग नाही. जागतिक विज्ञान पत्रकार महासंघाचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. ‘द ओपन नोटबुक’ २०१० पासून विज्ञानाची बातमी कशी घडते ते टप्प्याटप्प्याने सांगतं. एमआयटीच्या नाइट कार्यक्रमाची संपादनाची पुस्तिका कोणीही उतरवून घेऊ शकतं. मी सगळं वाचते, शब्दकोश जवळ ठेवून. पण वसमतच्या वार्ताहराने हे सगळं इंग्रजीत, मोबाइलवर, दिवसभराच्या बातम्या पाठवून झाल्यावर वाचावं, असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू? मराठीला विज्ञानाची परंपरा नाही असंही नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. परिषदेचं काम मोठंच आहे. पण ते वाचकांसाठी आणि लेखकांसाठी. रात्री नऊला पान लावणाऱ्या उपसंपादकाला ‘हा दावा खरा आहे का’ असं विचारायला कोण आहे? केंद्र सरकारची ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था १९८९ पासून होती. तिची ‘इंडिया सायन्स वायर’ ही वृत्तसेवा २०१७ मध्ये सुरू झाली आणि आम्हाला उपयोगी पडायची. २०२३ मध्ये संस्थाच बंद झाली. त्यावर मराठी पेपरांत किती रकाने आले, ते ज्याचं त्याने आठवावं.

म्हणून आम्ही काहीजण एकत्र आलो. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर. बहुतेक तालुका वार्ताहर, थोडे उपसंपादक, एक कृषी सहायक. महिन्यातल्या एका रविवारी बसतो. पहिल्या बैठकीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला २०१४ चा एक शोधनिबंध मराठीत समजावून घेतला. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धीपत्रकं संशोधकांनी तपासली होती. त्यांतल्या ४० टक्के पत्रकांत आरोग्याचा सल्ला मूळ संशोधनापेक्षा फुगवून दिला होता. परभणीचा एक जण म्हणाला, ‘‘म्हणजे पत्रक जसंच्या तसं लावलं की खोटं आपल्या नावावर.’’ त्याला कोणी उत्तर दिलं नाही. प्राध्यापक येतात, मानधन घेत नाहीत. आता हवामान खात्याचा पावसाचा अंदाज वाचायला शिकतोय: सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सामान्य’, आणि देशाची सरासरी सामान्य असली तरी आपल्या मंडळात दुबार पेरणीची वेळ येऊ शकते. हे ज्याला नीट सांगता येतं, त्याची बातमी शेतकरी कापून ठेवतो.

संशोधन संस्थांकडे माझं एकच मागणं आहे. महाराष्ट्रात तुमचं काम चालतं, तर महाराष्ट्राशी संबंधित प्रत्येक संशोधनाचं पत्रक मराठीतही काढा, आणि त्यावर फोन उचलणाऱ्या एका माणसाचं नाव घाला. आणि तालुक्यात बातमीदारी करणारं कोणी हे वाचत असेल, तर नांदेडला या. येताना गेल्या महिन्यात छापलेली अशी एक बातमी घेऊन या, ज्यातला आकडा कुठून आला हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यावरच बसू.