दादाचा डावा कान

आमचा दादा देवळात नेहमी डाव्या भिंतीलगतच्या बाकावर बसतो. नवख्या माणसाला वाटावे, वर्षानुवर्षांची ठरलेली जागा असेल. खरे कारण वेगळे आहे. तिथे बसले म्हणजे उजवा कान वेदीकडे आणि गायकवृंदाकडे राहतो. डाव्या बाजूला भिंत असते, आणि भिंत कधी काही बोलत नाही. फौजेत जाण्यापूर्वी ह्याच देवळात दादा गायनमंडळात खर्जात गात असे. आता गीत सुरू झाले की तो पुस्तक उघडतो, ओठ हलवतो, आणि शेजारच्याने पुस्तक मिटले की आपलेही मिटतो.

१९८८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी तो तोफखान्यात भरती झाला. वसईच्या आमच्या पट्ट्यातून त्या काळी मुले बँकेत जात, विमानतळावर लागत, आखातात जात. फौजेत जाणारा विरळाच. नाशिक रोडच्या केंद्रातील प्रशिक्षण संपवून तो पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा आम्ही धाकटी भावंडे त्याच्या बुटांना हात लावून पाहत होतो. पुढे १९९९ च्या उन्हाळ्यात तो कारगिलच्या मोहिमेत होता. बोफोर्स तोफा रात्रंदिवस धडाडत होत्या असे आम्ही वर्तमानपत्रांत वाचत होतो आणि आई जपमाळ ओढत होती. तो धडधाकट परतला. निदान आम्हाला तसे वाटले.

चोवीस वर्षांची सेवा पुरी करून हवालदार म्हणून तो २०१२ च्या मे महिन्यात निवृत्त झाला. निरोपाच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने दोन्ही कानांच्या श्रवणदोषाची नोंद केली, विकलांगता वीस टक्के, आयुष्यभरासाठी, असेही लिहिले. सेवेचे नेहमीचे निवृत्तिवेतन त्याला मिळालेच. परंतु विकलांगतेचा वेगळा हिस्सा मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, टक्केवारी किमान वीस असली पाहिजे. दुसरी, तो दोष लष्करी सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला असला पाहिजे. पहिली गोष्ट काठावर जुळत होती. दुसरीपुढे मंडळाने ‘नाही’ असे लिहिले होते. ऑक्टोबरात नकाराचे पत्र आले. सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करता येईल, असे त्याच्या तळाशी होते.

ते अपील आम्ही लिहिले, आणि आज कबूल करायला हरकत नाही, फार वाईट लिहिले. आमच्यात एक शिक्षक आहे. भाषेवर आमचा भारी विश्वास. चार पाने फुलस्केप भरून गेली. हिमालयातील थंडी, आईचे आजारपण, सणासुदीला घरी नसणे, देशासाठी दिलेली उमेदीची वर्षे, सारे काही त्यात होते. ते वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आले. समितीच्या डोळ्यांत येण्याचे काही कारण नव्हते. मंडळाने कोणत्या कारणास्तव नकार दिला हे आम्ही पाहिलेच नव्हते, मग त्या कारणाला उत्तर कसले देणार? जानेवारी २०१४ मध्ये दोन परिच्छेदांत अपील फेटाळले गेले.

शेजारच्या गावात एक निवृत्त सुभेदार राहतात. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणतो. त्यांनी आमचे चार पानी अपील चष्मा पुसून शांतपणे वाचले आणि म्हणाले, “निबंध छान आहे. मंडळाचे कागद कुठे आहेत?” कागद आमच्याकडे नव्हते. मग माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज केला, आणि महिन्याभराने वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत हातात पडली. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी आधी हे कागद मागवावेत. लेखणी नंतर उचलावी.

त्या कागदांत दोन नोंदी होत्या. भरतीच्या वेळी दोन्ही कान निर्दोष. आणि दोषाचा आरंभ : २००६, शांतताकालीन ठाणे. म्हणजे दादा तोफांपासून दूर, कार्यालयीन कामावर असताना कान बिघडले. सबब सेवेशी संबंध नाही. छत्तिसाव्या वर्षी माणसाचे कान आपोआप असे बिघडतात काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण तारीख चुकीचीही म्हणता येत नव्हती. २००६ साली वार्षिक तपासणीत तो दोष खरोखरच प्रथम सापडला होता.

आता तीन वाटा होत्या. एक, दिल्लीच्या समितीकडे दुसरे अपील करणे. त्याला वकील लागत नाही, खर्च टपालाचा. पण तेच कागद पाठवले तर तेच उत्तर येणार. दुसरी, २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आमच्या नात्यातल्या एका तरुण वकिलाचा ह्याच वाटेकडे ओढा. तो म्हणाला, २०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात निकाल दिला आहे : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी आला असे धरायचे, आणि संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा. ते सिग्नल कोअरमधले. फेफऱ्यामुळे त्यांना १९९४ साली घरी पाठवले होते, विकलांगता वीस टक्केच. “आपल्याला काहीही नवे सिद्ध करावे लागणार नाही,” तो म्हणाला. सुभेदारकाकांनी मान हलवली. तो निकाल जुन्या, १९८२ च्या नियमांवर आहे; दादाला लागू होणारे नियम २००८ चे, आणि त्यांत ही गृहीतके तितकी सरळ उरलेली नाहीत. शिवाय आधीचे मार्ग चोखाळल्यावाचून न्यायाधिकरणाने सहसा अर्ज दाखल करून घेऊ नये असे त्याच कायद्याचे एकविसावे कलम सांगते. (२०२३ साली नियम पुन्हा बदलले आहेत, त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनी आमच्या गोष्टीवर न विसंबता ते पाहावेत.)

तिसरी वाट दादाची. सोडून द्यायचे. “ज्या फौजेचे अन्न खाल्ले तिच्यावर खटला भरू?” एवढेच तो म्हणे, आणि केळीला पाणी द्यायला उठून जाई. आम्हाला हा निव्वळ फौजी अभिमान वाटला. त्यामागे आणखी काही आहे हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

ते वहिनींना ठाऊक होते. त्या वर्षीच्या उपवासकाळात, एका संध्याकाळी रोजरी आटोपल्यावर आम्ही सारे ओट्यावर ह्याच विषयाचा काथ्याकूट करीत बसलो होतो. वहिनी आत गेल्या आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून एक निळे आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. सप्टेंबर २००३. टपालाचा शिक्का स्वच्छ. पत्रात घरच्या चार गोष्टी होत्या, पैशांवरून झालेल्या एका भांडणाची माफी होती, आणि शेवटी दादाने लिहिले होते की, गोळाबारीच्या सरावानंतर डाव्या कानात सतत शिटी वाजते, फोनवर त्या कानाने तुझे बोलणे समजत नाही. पण हे कोणाला सांगू नकोस, डॉक्टरला कळले तर श्रेणी उतरेल आणि नायब सुभेदारीची यादी हुकेल.

ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. आरंभ २००६ चा नव्हता, २००३ चा होता, आणि तोफेजवळचा होता, याचा असा पुरावा पैसे मोजून मिळाला नसता. पण तोच कागद हेही सांगत होता की दादाने तीन वर्षे आपला आजार लपवला. एक गोष्ट दाखवायची आणि दुसरी झाकायची, अशी सोय त्यात नव्हती. आणि ज्या बढतीसाठी लपवले ती शेवटी मिळालीच नाही.

आमच्यात सरळ दोन तट पडले. काही जणांचे म्हणणे, पत्र परत पुस्तकात ठेवावे. वकील म्हणतो तसे निकालाच्या आधारावर लढावे. कोणी विचारले नसताना आपल्या माणसाची चूक चव्हाट्यावर का मांडा? इतरांचे म्हणणे, कायद्याचा तो आधार दादाच्या बाबतीत डळमळीत आहे. पत्राशिवाय हरलो तर पत्र कशासाठी जपले? सुभेदारकाका म्हणाले, दाव्यात खोटे लिहू नये. पण घरातले सगळे कागद दाखवलेच पाहिजेत असेही कोणी म्हणत नाही. त्यांच्या ह्या सल्ल्याने दोन्ही तटांना आपलाच पक्ष बळकट झाल्यासारखे वाटले.

दादा इतका वेळ वहिनींकडे पाहत होता. आमच्या बोलण्यातले त्याला किती ऐकू आले कोण जाणे. तो म्हणाला, “ते पत्र द्यायचे नाही.” वहिनींनी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन, आम्हा सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात सांगितले, “पत्र माझ्या नावाने आले आहे. माझे आहे. मी देणार.” लग्नाला वीस वर्षे होत आली होती, वहिनींचा तो स्वर आम्ही त्यापूर्वी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अकरा वर्षे मी हे एकटीने सांभाळले. आता पुरे.”

ठरले ते असे : आधी दुसरे अपील, वकिलाशिवाय, पत्रासह. समितीने दाद दिली नाही तरच न्यायाधिकरण. म्हणजे दादाला आपणहून खटला भरल्याचे शल्य राहू नये. ह्यावेळी अपील दीड पानाचे झाले. मंडळाने लिहिलेले कारण, त्यापुढे आमचे उत्तर, त्यापुढे कागद. लपवल्याची कबुली दादाने स्वतःच्या वाक्यात दिली. आम्ही तिच्यात एका शब्दाचीही भर घातली नाही. पत्राचे इंग्रजी भाषांतर करताना भांडणाचा मजकूर गाळावा असे आम्ही सुचवले. वहिनी म्हणाल्या, अर्धे पत्र दिले तर उरलेल्या अर्ध्यात काय आहे असे कोणीही विचारील. सगळे गेले. २०१४ च्या जून महिन्यात रजिस्टर टपालाने पाकीट रवाना झाले.

सहा महिने उलटले, उत्तर आले नाही. एवढ्या अवधीत निर्णय झाला नाही तर तो मार्ग संपला असे कायदा मानतो. पुढे थांबण्यात तोटा होता, कारण उशिरा आलेल्यास मागची बाकी साधारणतः तीन वर्षांपुरतीच मिळते. २०१५ च्या आरंभी अर्ज दाखल झाला. तोवर, डिसेंबर २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या प्रकरणात मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा लाभ खुला केला होता. वीस टक्के मान्य झाले तर ते पन्नास धरले जाणार होते. तारखांविषयी लिहीत नाही. ज्यांनी कोर्ट पाहिले आहे त्यांना त्या ठाऊक आहेत.

अखेरच्या सुनावणीला आम्ही सारे गेलो होतो. समोर दोन सदस्य, एक न्यायाधीश आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी. सरकारी वकिलांनी पत्रातले ते वाक्य उभे राहून वाचले. ह्या माणसाने जाणूनबुजून दोष लपवला, असे ते म्हणाले. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच म्हटले असते. दादा ताठ बसून होता. तो वकिलांकडे नव्हे, त्या सेनाधिकाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. सेनाधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : २००३ साली ही व्यक्ती तोफेवर कोणत्या कामावर होती? आमच्या वकिलाने सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले.

बाहेर आल्यावर दादाने वहिनींना विचारले, “काय म्हणाले?” त्याला आतले काहीच ऐकू आले नव्हते. वहिनी त्याच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलल्या. किती सांगितले आणि किती नाही, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही.

निकाल २०१७ साली लागला. दोष सेवेमुळे उद्भवला, वीसचे पन्नास धरावेत, थकबाकी द्यावी. पैसे यायला आणखी काही महिने लागले. त्यांतून पुतणीच्या नर्सिंगची फी भरली गेली. दादा आता यंत्र लावतो, देवळात मात्र काढून खिशात ठेवतो. ऑर्गनच्या आवाजात ते किंचाळते म्हणतो.

पत्राची मूळ प्रत परत मिळाली. ती पुन्हा प्रार्थनेच्या पुस्तकात गेली आहे. फाइलला लावताना तिला दोन भोके पडली, आणि वरच्या कोपऱ्यात परिशिष्टाचा जांभळा शिक्का आहे. वहिनींना तो शिक्का मुळीच आवडत नाही. एकदा त्यांनी तो खोडरबराने पुसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कागद थोडा विरला.