तेल गेलं, गाडी राहिली!

ऑटोमॅटिक गाडीचा सगळ्यात मोठा फायदा काय, असं विचारलं तर सिग्नलला अडकलेला कुठलाही पुणेकर सांगेल, ‘डाव्या पायाला सुट्टी!’ आमच्या घरी मात्र ती चैन नाही, गरज आहे. बाबांचा डावा गुडघा कामातून गेलाय. क्लच दाबणं त्यांना जमत नाही. म्हणून २०१६ मध्ये आम्ही सेकंडहँड होंडा सिव्हिक घेतली. ऑटोमॅटिक, २००९ चं मॉडेल.

बाबांसाठी ही गाडी म्हणजे एक रविवार सोडून एक साताऱ्याची वारी. शिरवळला चहा, मग खंबाटकीचा घाट आणि दुपारी आत्याकडे जेवण. कुणाला ‘सोडतोस का रे?’ म्हणायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. रिटायर झालेल्या माणसाला याहून जास्त फ्रीडम काय हवं?

आणि गेल्या वर्षी गाडीनं नखरे सुरू केले. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना हलकासा धक्का. ‘डी’मध्ये टाकलं की क्षणभर विचार करायची आणि मग हलायची. एका बड्या गॅरेजवाल्यानं फारसं न बघताच सांगितलं, ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल. ८० हजार धरून चाला.’ झालं! घरात ‘विकून टाका’ची मोहीम सुरू. आई म्हणाली, ‘एका बटणावर कॅब येते की आता!’ बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त साताऱ्याला जाणं बंद केलं. आत्याचा फोन आला की म्हणायचे, ‘गुडघा दुखतोय गं.’ गुडघा आधी दुखत होता तेवढाच दुखत होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मास कॉमला असताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. कुणी काहीही सांगो, आधी कागद बघायचे. मी गाडीची फाइल काढली. आधीच्या मालकापासूनची सगळी बिलं होती. इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी, एसीचा गॅस... नव्हतं ते फक्त गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल. १ लाख १० हजार किलोमीटर झाले, आणि एकही नाही!

आता म्हणाल, तेलाचं एवढं काय? तर मंडळी, फंडा असा आहे. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल खरा कामगार असतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं ते तेलच. त्याच्याच दाबावर आतल्या क्लच प्लेटा घट्ट होतात आणि गिअर बदलतो. वर सगळी उष्णताही तेच वाहून नेतं. घाट असो नाहीतर बंपर-टू-बंपर ट्रॅफिक, सगळ्यात जास्त तापतं ते हेच. वर्षानुवर्षं तापून तेलाचा दम संपतो आणि गिअर अडखळायला लागतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी पिंपरीच्या कारखान्यात मशिनवर आयुष्य काढलंय. त्यांना विचारलं, ‘काका, घरी बदलता येईल?’

‘येईल की. पण आधी वास घे त्याचा,’ काका म्हणाले.

वास? तर ऐका. नवं तेल लालचुटुक असतं, अगदी कोकम सरबतासारखं. जुनं झालं की तपकिरी होतं. पण त्याला जळका वास आला, तर समजायचं की आतल्या प्लेटाच जळाल्यात. मग तेल बदलून काही उपयोग नाही. ‘जुन्या गिअरबॉक्समध्ये नवं तेल घातलं की तो बसतो’ ही अफवा बहुतेक तिथूनच आली असावी. गिअरबॉक्स आधीच मेलेला असतो, खुनाचा आरोप बिचाऱ्या नव्या तेलावर!

आमचं तेल काढ्यासारखं काळपट होतं, पण जळकट वास नव्हता. म्हटलं, चान्स आहे.

मग एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मिशन सुरू. गाडी थोडी फिरवून आणली, कारण कोमट तेल पटकन निथळतं. मागच्या चाकांना अडसर लावले, पुढून गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवली. ‘नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हात गेला तर परत मिळत नाही,’ काकांनी दम भरला. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टॉर्च धरत होते.

या गाडीत गिअरबॉक्सच्या बोल्टला चौकोनी खाच असते. ३/८ इंचाचा पाना थेट तिच्यात बसतो, त्यामुळे तो इंजिन ऑइलच्या बोल्टपासून वेगळा ओळखता येतो. ही ओळख फार महत्त्वाची. नाहीतर इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्स रिकामा करणारे महाभाग कमी नाहीत! बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर होता. काका खूश. ‘हे नॉर्मल आहे. धातूचे तुकडे दिसले असते, तर मात्र दुकान बंद!’

नवा वॉशर, बोल्ट घट्ट, आणि डिपस्टिकच्या भोकातून लांब नरसाळ्यानं नवं तेल आत. तेल कंपनीनं सांगितलेलंच हवं. या गाडीला पूर्वी झेड-१ होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ येतं. सीव्हीटी असेल तर तिचं तेल वेगळं, आणि एएमटी म्हणजे तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल वाचा, प्लीज!

खरी गंमत पुढे आहे. बोल्ट उघडला की सगळं तेल बाहेर येत नाही. सहाएक लिटरपैकी साधारण २.४ लिटर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं. म्हणजे एका फेरीत ४० टक्केच तेल नवं. दुसऱ्या फेरीनंतर ६४, तिसऱ्यानंतर ७८. मशिन लावून सगळं एकदम काढण्यापेक्षा काकांना हा हळूहळूचा मार्ग पसंत होता. ‘म्हाताऱ्या माणसाला एकदम जिममध्ये घालतात का?’

आम्ही तीन आठवड्यांत तीन फेऱ्या केल्या. दर वेळी गाडी सपाट जागी गरम करायची, इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. काढलेलं तेल गटारात अजिबात नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यांत भरून ते आम्ही जुनं तेल रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवलं.

पहिल्या फेरीनंतर धक्का कमी झाला. तिसरीनंतर जवळपास गेलाच. ‘जवळपास’ म्हणतेय, कारण सकाळी थंड असताना गाडी अजून किंचित कुरकुर करते. बाबा म्हणतात, ‘तेवढी मीही करतो.’

पण ८० हजारांपेक्षा मोठी बचत वेगळीच झाली. आपल्या आई-वडिलांच्या जुन्या वस्तूंबद्दल आपण किती पटकन ‘विकून टाका’ म्हणतो! आपल्याला कॅब आहे, ईएमआय आहे, नवं मॉडेल आहे. त्यांच्यासाठी त्या वस्तूत एखादा सातारा असतो, आणि तो बंद झाला तरी ते बोलून दाखवत नाहीत. गुडघा दुखतोय म्हणतात.

तेव्हा या वीकेंडला घरच्या गाडीची फाइल एकदा चाळा. आमच्या फाइलमध्ये आता एक नवा कागद आहे. बाबांच्या वळणदार अक्षरात तीन तारखा, तीन वेळा ‘२.४ लि.’ आणि खाली एक ओळ : ‘सातारा, जाऊन-येऊन. गाडी उत्तम.’