डाग कोणाकडून आला?

आमच्या नातीच्या अंगावर चहाच्या रंगाचे आठ डाग उमटले. कर्जतला आमच्या घरी कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, सुनेच्या माहेरून, खालापूरहून आले. डॉक्टरांनी नाव सांगितले: न्यूरोफायब्रोमॅटोसिस.

सतराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालते. 1990 मध्ये ते सापडले. ते बिघडले की नसांवर गाठी येतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण लहान वयात डोळ्याच्या नसेवर गाठ आली, तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून नातीचे डोळे आम्ही दरवर्षी तपासून घेतो.

हा बिघाड आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. आईबापांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. सुमारे निम्म्या रुग्णांत मात्र तो नव्यानेच होतो. घराण्यात कोणालाच नसतो.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासले. सुनेच्या अंगावर काहीच नव्हते. आमच्या मुलाच्या पाठीवर तसेच डाग होते, आणि चामखीळ समजून सोडलेल्या मऊ गाठी. त्या दिवसापासून घरातली कुजबुज थांबली.

नातीच्या निकाहाची बोलणी होतील, तेव्हा हे लपवू नका, असे आम्ही मुलाला सांगून ठेवले आहे. आजार अल्लाहच्या मर्जीने येतो. लेकी-सुनांवर आळ मात्र आपण घेतो.