टिपूची थंडी

कुत्र्याला थंडी वाजत नाही, त्याच्या अंगावर निसर्गानेच केस दिले आहेत, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बर्फाच्या मुलखातल्या जाड लोकरीच्या कुत्र्यांबाबत ते खरे असेलही. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड, अंगावर चरबी बेताची. त्यात तो म्हातारा असला तर आपल्यासारखीच त्यालाही हुडहुडी भरते. फक्त तो स्वेटर मागत नाही.

आमचा टिपू तेव्हा अकरा वर्षांचा होता. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून तीन दिवस चिखलदऱ्याला जायचे ठरले. टिपू परक्याच्या हातचे खात नाही, त्यामुळे त्याला मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. भाड्याची जीप केली. रेल्वेने कुठे लांब जायचे असते तर कुत्र्यासाठी पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाही तर गार्डच्या डब्यातली पेटी आहेच. ऐन थंडीच्या रात्री म्हाताऱ्या जनावराला तिथे एकटे कोंबायचे, हे माझ्या मनाला पटत नाही.

निघण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून आणले आणि रेबीजच्या लसीचा कागद पर्समध्ये ठेवला. आंघोळ मात्र मुद्दाम टाळली, कारण केसांच्या मुळाशी राहिलेली ओल थंडीत फार बाधते. घाटात ओकारी नको म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला जेवण दिले नाही. सासूबाईंनी मात्र आपली जुनी गोधडी जीपमध्ये टाकलीच. म्हणाल्या, "त्याले वाकय लागन वं माय, म्हातारा झाला तो."

परतवाडा सोडून घाट लागला की हवा बदलते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. सूर्य कलला तसा टिपू सीटखाली मुटकुळे करून बसला.

लॉजवर पोहोचलो तर तिथला माणूस म्हणतो, "कुत्रा व्हरांड्यात बांधा, आत चालणार नाही." फोनवर आधी विचारले होते तेव्हा हेच लोक हो म्हणाले होते. मेळघाट म्हणजे १९७३ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला एक. वाघाचे सोडा, पण बिबट्या रात्री वस्तीपर्यंत येतो आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य. त्यातून साखळीने बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. आमच्या ह्यांनी शांतपणे बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, "मग आमच्याही गाद्या व्हरांड्यात टाका." दाराबाहेर ठेवणे म्हणजे काय असते, हे आपल्या माणसांना कोणी समजावून सांगायला नको. दोनशे रुपये जास्त घेऊन टिपूला आत घेतले.

थोड्या वेळाने तोच माणूस पेटत्या कोळशाची शेगडी घेऊन आला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. मी ती दारातूनच परत पाठवली. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणसे दगावतात, जनावरेही. मायबहिणींनो, हिवाळ्यात कुठेही मुक्कामाला जाल तेव्हा एवढे नक्की पाळा.

खरी थंडी फरशीतून येते. वरून दोन शाली टाकल्या आणि खाली उघडी फरशी राहिली तर उपयोग नाही. मी घरूनच पोत्यात धानाची तणीस भरून नेली होती. ते पोते भिंतीपासून जरा दूर, दाराच्या फटीसमोर येणार नाही असे टाकले, त्यावर गोधडी. तणशीत हवा अडकते आणि अंगाची ऊब तिथेच राहते. पोते ओलसर लागले की लगेच बदलायचे. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या पोटाशी ठेवली. उघडी बाटली भाजते. आमच्या जीपवाल्याने प्रेमाने सुचवले, "झाकणभर रम पाजा." ते कधीच करू नये. दारूने अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर पडते आणि कुत्र्याला ती विषासारखीच.

कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ९९ च्या खाली गेले, कुत्रा सुस्तावला, चालताना लडखडू लागला की धोका समजावा. कापणे अचानक थांबले म्हणजे बरे वाटले असे नव्हे. त्याच वेळी डॉक्टर गाठावा. आमच्यावर ती पाळी आली नाही. रात्री दोनदा त्याला लघवीला न्यावे लागले, ते आखूड साखळीने, टॉर्च घेऊन, दिव्याच्या उजेडातच.

दुसऱ्या दिवशी मुलांना जंगल बघायचे होते. अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही आणि ते बरोबरच आहे. कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपर सापडला होता. मी टिपूपाशी थांबले. आम्ही दोघांनी दुपारभर अंगणात ऊन खाल्ले. नवऱ्याने नंतर वाघ दिसल्याच्या थापा मारल्या.

निघताना पोते जीपमध्ये टाकत होतो तर लॉजवाला घुटमळत आला. जिन्याखाली त्याची कुत्री व्याली होती, पाच पिल्ले. म्हणाला, "ताई, ते तणशीचं पोतं ठेवून जाता का?"