सेकंडहँड जीपीएस, फुकटचा नकाशा आणि काकांचा वनपट्टा



मागच्या महिन्यात नाशिकच्या एका ट्रेकरकडून जुनं गार्मिन ईट्रेक्स २० घेतलं. दोन पेन्सिल सेलवर चालतं. घ्यायचं कारण धडगावकडचा काकांचा वनपट्टा. दोरीने मोजला तर १ हेक्टर ६० आर, मंजुरीच्या कागदावर १ हेक्टर २० आर. काका सरळ म्हणतात, "मोजणाऱ्याने ४० आर खाल्ले."

यंत्र चालू केलं तर पडदा जवळजवळ कोरा. मोठे हायवे तेवढे, बाकी काही नाही. पैसे बुडाले असंच वाटलं. विकतचा नकाशा घ्यायचा तर यंत्राच्या किमतीच्या वर जायचं. मग पुतण्याने शोधलं: ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला, गार्मिनला चालणारा भारताचा नकाशा नेटवर फुकट मिळतो. मायक्रोएसडी कार्ड फॅट३२ करायचं, त्यात 'गार्मिन' नावाचं फोल्डर, फोल्डरमध्ये ती आयएमजी फाइल. कार्डाची जागा सेलच्या खाली असते, आम्ही अर्धा तास बाहेरून शोधत होतो. (ईट्रेक्स १० घेऊ नका, त्यात कार्डच बसत नाही.)

नकाशात नंदुरबार दिसलं, शहादा दिसलं, धडगावचा रस्ता दिसला. काकांचा पाडा नाही. वर आणखी एक घोळ. यंत्रावरचे आकडे फोनमध्ये टाकले की बिंदू शंभरेक मीटर सरकून नाल्यापलीकडे जाई. आधीच्या मालकाने डेटम 'इंडियन' ठेवला होता, जुन्या टोपोशीटसाठी असेल. 'डब्ल्यूजीएस ८४' केला, बिंदू बांधावर आला. जुनं यंत्र घेतलं की हे आधी बघा.

आणि क्षेत्र मोजायला नकाशा लागतच नाही, हे तेव्हा कळलं! हद्दीने चालायचं, 'एरिया कॅल्क्युलेशन' लावायचं. सागाची पानं गळालेली, आकाश मोकळं, म्हणून आत्ताच उरकलं. तीन फेऱ्या मारल्या: १.३६, १.४१, १.३८ हेक्टर. एका फेरीवर विसंबू नका, लहान तुकड्यात चार-पाच मीटरची चूकसुद्धा बरेच आर खाते.

दोरीचे १.६० आणि यंत्राचे १.३८, हे काकांना पटेना. मी म्हणालो, "काका, घराचं छप्पर बघा. उतार जास्त तर कौलं जास्त लागतात, पण खालची जागा तेवढीच ना?" दोरी उतारावर टेकवून धरली होती, यंत्र वरून बघितल्यासारखं सपाट क्षेत्र धरतं. ३० अंशाच्या उतारावर १ हेक्टर भरतो साधारण ८७ आर. काकांचा उतार तसाच आहे, हिशोब जुळला. म्हणजे ४० पैकी २२ आर कोणी खाल्ले नाहीत.

उरले १८. तीन फेऱ्यांतल्या फरकापेक्षा हे जास्तच. कागदावरचा नकाशा धरून पुन्हा चाललो. नाल्यापलीकडचा कोपरा त्यात आलेलाच नाही. तिथे काका २००५ च्या आधीपासून नागली पेरतात, बांधावरचा महू त्यांच्या वडिलांच्या वेळचा.

कोपऱ्याचे सगळे बिंदू घेतलेत, फोटोही काढलेत. आता गावच्या वनहक्क समितीपुढे ठेवायचं. काकांनी एवढंच विचारलं, "मग त्या २२ आरचं मी इतकी वर्षं बोलत होतो ते?"

पाड्याचं नाव मी ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलंय.