बिऱ्हाडबदल

इंग्लंडात शिकायला गेलेल्या आमच्या पुतण्यानं कोळी पाळलाय. कोळी म्हणजे माळ्यावर जाळं विणणारा किरकोळ प्राणी नव्हे, टॅरँट्युला! तळहाताएवढी केसाळ बाई. जात मात्र आपल्या पश्चिम घाटातली. पोकॉकसाहेबानं १८९९ साली तिचं 'किलोब्रॅकिस फिम्ब्रिॲटस' असं बारसं केलं. (आमच्या पासबुकाच्या रकान्यात मावलं नसतं.)

बिऱ्हाड काचेच्या पेटीत. उंची नको, माती खोल हवी. बीळ ती स्वतःच खणते, आत रेशमाचं अस्तर लावते. पाण्याची बशी, अधूनमधून एखादा रातकिडा. कात टाकताना उताणी पडते. मेली समजून हलवायचं नाही. हातात तर घ्यायचंच नाही, चावते.

"पण काका, जागा बदलली की अन्नाला शिवत नाही हो!"

आमची आत्या ऐंशीची, वेल्ह्याला एकटी. मंत्रिमंडळानं २०२४ साली तालुक्याचं नाव राजगड ठरवलं, ही वेल्हेच म्हणते. तिला भोरला आमच्या दोन खोल्यांत आणायचं घरात पक्कं झालं होतं. टेंपोसुद्धा सांगितला होता. तो मी रद्द केला. बायको दोन दिवस बोलली नाही.

रविवारी एसटीनं एकटाच गेलो.

"आलायस तर कौलं चाळून जा," आत्या म्हणाली.

शिडी शेजाऱ्यांकडून आणली.