पालकांचे नंबर जपून ठेवूया



२२ जुलै २०२१. जगबुडीला पूर आला, खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. त्याच गडबडीत माझा मोबाईल भिजून बंद पडला. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे बाबा मुंबईला चाकरमानी. रेंज आली, पण "पोरं सुखरूप आहेत" हे कळवायला नंबरच नव्हते! सगळे त्या मोबाईलमध्येच अडकलेले.

तेव्हापासून मी नंबर गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये ठेवते. जीमेलच्या खात्यानेच ते कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडतं. तुम्हीही करून बघा:

१. इयत्तेप्रमाणे लेबल करा. आई, बाबा, आजी असं नावापुढे लिहा.
२. 'मर्ज अँड फिक्स' मध्ये एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी सापडतात, त्या एकत्र करा.
३. चुकून पुसलेला नंबर ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, परत आणता येतो.
४. एक्स्पोर्ट करून यादीची प्रिंट काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वीज गेली की कागदच कामाला येतो.

शाळेच्या कॉम्प्युटरवर काम झालं की लॉगआउट मात्र विसरू नका. पालकांनी नंबर आपल्याला विश्वासाने दिलेले असतात.

पुढचा पाऊस यायच्या आत एवढं करून ठेवा.